किंबर लेन ते मिमिली : भिंतींवर रंगलेली मिश्र वंशाची ओळख

सिडनीच्या हेमार्केट भागात, चायनाटाउनमध्ये, किंबर लेन नावाची एक अरुंद गल्ली आहे. डिक्सन स्ट्रीटवरची उपाहारगृहांची वर्दळ हाकेच्या अंतरावर असली, तरी अशा गल्ल्यांच्या वाट्याला एरवी मालाची ने-आण आणि कचऱ्याचे मोठे डबे एवढेच येते. २०१२ मध्ये मात्र सिडनी महापालिकेसाठी जेसन विंग या चित्रकाराने ही गल्ली पूर्ण बदलून टाकली. भिंतींवर निळ्या छटांमध्ये ढगांची आणि वाऱ्या-पाण्याची वळणे रंगवली आहेत, ग्रॅनाइटच्या फरशीत तशीच वळणे कोरली आहेत, आणि डोक्यावर माणसासारख्या, पण पुरत्या माणसाच्या नव्हेत अशा आकृत्या टांगल्या आहेत. रात्र झाली की त्या उजळतात आणि गल्लीतून चालणारा माणूस नकळत मान वर करून चालू लागतो. या कामाचे नाव ‘दोन जगांच्या मध्ये’ असे आहे. विंग यांचे वडील चिनी वंशाचे आणि आई बिरिपाय या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजातील असल्यामुळे हे नाव कुणाला उद्देशून आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

नोकरीच्या निमित्ताने सिडनीत राहायला आल्यापासून मी या गल्लीतून अनेकदा गेले आहे, आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा पाहताना मला ती केवळ सुंदर वाटली होती. ढगांची वळणे चिनी चित्रपरंपरेतून आली आहेत, हे लगेच ओळखू येते. टांगलेल्या आकृत्या म्हणजे अर्धे मानव, अर्धे आत्मे असलेले पूर्वज आहेत, आणि पूर्वजांना मान देण्याची रीत दोन्ही घराण्यांत असल्यामुळे त्या कोणत्या घराण्याच्या, हे चित्रकाराने उघड केलेले नाही. दोन संस्कृतींचा सुरेख मिलाफ म्हणून कुठल्याही पर्यटन-पुस्तिकेत हे काम शोभून दिसेल. परंतु त्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्येच, याच चित्रकाराला न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाचा ॲबोरिजिनल कला पुरस्कार मिळाला, तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिटनचा हक्क सांगणाऱ्या कॅप्टन जेम्स कूकच्या अर्धपुतळ्याला. या पुतळ्याच्या डोक्यावरून दरोडेखोर घालतात तसा, फक्त डोळे आणि तोंड उघडे ठेवणारा बुरखा ओढलेला आहे, आणि कामाचे नाव आहे ‘ऑस्ट्रेलिया सशस्त्र दरोड्याने चोरला गेला’. ढगांची गल्ली आणि बुरख्यातला कूक एकाच हातचे आहेत, हे एकदा कळले की ‘मिलाफ’ हा सोयीचा शब्द तोंडातून सहजासहजी निघत नाही.

ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल चित्रकार जेव्हा आपल्या मिश्र वंशाविषयी रस्त्यावरच्या भिंतीवर काही रंगवतात, तेव्हा ते प्रामुख्याने एका जुन्या हिशेबाला उत्तर देत असतात, असे मला या कामांकडे पाहताना वाटत आले आहे. तो हिशेब रक्ताच्या अपूर्णांकांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वसाहतींच्या आणि पुढे राज्यांच्या सरकारांनी ॲबोरिजिनल माणसांची निम्मे, पाव, अष्टमांश अशी प्रतवारी केली आणि कोणी कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, कोणाचे मूल कोणाकडे वाढायचे, हे त्या प्रतवारीवर ठरवले. व्हिक्टोरियाच्या १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या ज्या माणसांनी वयाची ३४ वर्षे गाठली नव्हती, त्यांना राखीव वसाहतींबाहेर काढण्याची सोय केली. त्यामुळे हील्सव्हिलजवळच्या कोरंडर्कसारख्या स्वतःच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या वसाहतीतील धडधाकट, कमावती माणसे निघून गेली, आणि भाऊ बाहेर तर म्हातारी आई आत अशी घरे फाटली. क्वीन्सलँडच्या १८९७ च्या कायद्याच्या तर नावातच ॲबोरिजिनल लोकांचे ‘संरक्षण’ आणि अफूच्या विक्रीवरचे निर्बंध एकत्र बांधलेले होते. अफूचा रोख चिनी लोकांवर होता, आणि हे दोन समाज एकमेकांच्या जवळ येऊ नयेत, ही चिंता त्या कायद्याच्या मुळाशी होती. १९०१ च्या दुरुस्तीनंतर ॲबोरिजिनल स्त्रीला समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न करायचे असेल, तर सरकारी ‘संरक्षका’ची परवानगी लागू लागली. विंग यांच्या घराण्याचा क्वीन्सलँडशी संबंध आहे, असे मला म्हणायचे नाही. मात्र चिनी आणि ॲबोरिजिनल अशा जोडप्याकडे हे राज्यकर्ते कोणत्या नजरेने पाहत होते, ते ठाऊक असले म्हणजे गल्लीतल्या त्या निळ्या ढगांचे वजन वाढते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९१५ ते १९४० या काळात ए. ओ. नेव्हिल या अधिकाऱ्याकडे ॲबोरिजिनल लोकांचा कारभार होता. मिश्र वंशाच्या मुलांना आयांपासून तोडून गोऱ्या समाजात मुरवले, की काही पिढ्यांत ॲबोरिजिनलपण उरणारच नाही, अशी त्याची उघड भूमिका होती. १९३७ मध्ये कॅनबेरा येथे भरलेल्या अधिकाऱ्यांच्या परिषदेने, पूर्ण रक्ताचे नसलेल्यांचे भवितव्य ऑस्ट्रेलियाच्या एकूण लोकसंख्येत विरघळून जाण्यातच आहे, असा ठरावही केला. ज्यांना पुढे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणून ओळखले जाऊ लागले, ती मुले या विचाराची बळी होती. त्यांच्याविषयीचा राष्ट्रीय चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला आणि संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

आजची व्यवस्था निराळी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून केंद्र सरकार तीन कसोट्या मानते: वंश, स्वतःची ओळख स्वतः सांगणे आणि समाजाने ती मान्य करणे. कुठल्याही दवाखान्यात नाव नोंदवताना जो छापील प्रश्न समोर येतो, त्यात ‘नाही’, ‘होय, ॲबोरिजिनल’ आणि ‘होय, टॉरेस स्ट्रेट आयलंडर’ (उत्तरेकडील बेटांवरचे मूळ रहिवासी) असे चौकोन असतात, आणि दोन्ही असाल तर दोन्ही ‘होय’ भरा, अशी सूचना असते. निम्मे किंवा पाव लिहायला जागा नसते. मी दरवेळी ‘नाही’वर खूण करते आणि प्रत्येक वेळी त्या सूचनेतल्या शहाणपणाचे मला कौतुक वाटते. तरीही समाजाच्या मनातून अपूर्णांक गेलेले नाहीत. २००९ मध्ये मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’मधील एका स्तंभलेखकाने उजळ वर्णाच्या ॲबोरिजिनल व्यक्तींची नावे घेऊन, फायद्यासाठी यांनी ही ओळख निवडली, असे सुचवणारे लेख लिहिले. त्याविरुद्ध नऊ जण न्यायालयात गेले, आणि २०११ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या लेखांनी वांशिक भेदभावविरोधी कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. फिर्यादींमध्ये वाथाउरुंग वंशाची चित्रकार बिंडी कोल होती. तिने त्याआधीच, २००८ मध्ये, ‘खरेखुरे ॲबोरिजिनल नव्हे’ या नावाची छायाचित्रमालिका केली होती. तिच्यात तिने स्वतःचा आणि कुटुंबीयांचा चेहरा काळा रंगवला होता, कारण लोकांना तसाच चेहरा हवा होता.

शुद्ध, अस्सल, भेसळ नसलेले असे काही हवे असण्याची ही भूक कुणाची, हा प्रश्न मला एका फार प्रसिद्ध भिंतीच्या गोष्टीतही दिसतो. वाळवंटातील ॲबोरिजिनल चित्रकलेची जी चळवळ आज जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली आहे, तिची सुरुवात एका भित्तिचित्राने झाली. ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या ही सरकारने वसवलेली वस्ती आहे. पिंटुपी, लुरिट्जा, वार्लपिरी, अन्मातियेर अशा वेगवेगळ्या भाषांची माणसे तिथे आणून एकत्र ठेवली होती, म्हणजे वस्तीच मुळात सरकारी हातांनी घडवलेले मिश्रण होती. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या गोऱ्या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पुराणकथेचे चित्र रंगवले गेले. कापा त्जाम्पित्जिन्पा याने आरंभी काढलेल्या मुंग्या युरोपीय धाटणीच्या, पुस्तकातल्या चित्रासारख्या होत्या. बार्डनने विचारले, की या मुंग्या तुमच्या पद्धतीच्या आहेत का. जमलेल्या पुरुषांनी आपसात बोलून घेतले आणि मग त्या पुसून पारंपरिक खुणांची मुंगी काढली. ही हकिकत बहुतेक ठिकाणी एका कलेच्या मुक्तीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही, कारण त्यातूनच १९७२ मध्ये चित्रकारांच्या मालकीची पापुन्या तुला ही कंपनी उभी राहिली. तरी मला राहून राहून त्या पुसलेल्या मुंग्यांविषयी कुतूहल वाटते. दोन्ही चित्रभाषा येत असलेल्या माणसाने निवडलेली पहिली मुंगी कमी ॲबोरिजिनल होती, असे आपण कशाच्या आधारावर म्हणायचे? १९७४ मध्ये देखभालीच्या नावाखाली ती सगळी भिंतच रंग फासून टाकण्यात आली, त्यामुळे दोन्ही मुंग्या गेल्या.

शहरांतला प्रश्न याहून वेगळा होता. २०२१ च्या जनगणनेत ८,१२,७२८ लोकांनी, म्हणजे लोकसंख्येच्या ३.२ टक्के लोकांनी, आपण ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर असल्याचे नोंदवले. राज्यांचा विचार केला तर त्यांत सर्वाधिक न्यू साउथ वेल्सचे आहेत. वाळवंटातल्या ठिपक्यांची चित्रे पाहून बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जी प्रतिमा उभी राहते, तिच्यात आगगाडीने कामावर जाणारा, आडनाव आयरिश किंवा चिनी असलेला, उजळ कांतीचा ॲबोरिजिनल माणूस बसतच नाही. या माणसाला भिंत हवी होती. १९८३ मध्ये रेडफर्न स्थानकासमोर, लॉसन स्ट्रीटच्या पुलाच्या भिंतीवर चाळीस हजार वर्षांचा दाखला देणारे भित्तिचित्र कॅरल रफ या चित्रकर्तीच्या पुढाकाराने वस्तीतल्या लोकांनी मिळून रंगवले. त्यात इंद्रधनुष्य-सर्पाच्या जोडीला रेडफर्न ऑल ब्लॅक्स हा वस्तीतला रग्बी संघही आहे. पुराणकथा आणि शनिवारचा सामना यांना एकाच भिंतीवर सारखाच मान मिळतो, ही त्या चित्राची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

त्याच सुमारास, १९८३ ते १९८५ या काळात, मेलबर्नच्या नॉर्थकोट उपनगरात लिन ओनस, मेगन एव्हन्स आणि इतरांनी ‘कूरी भित्तिचित्र’ उभे केले. कूरी हे आग्नेय ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल लोकांचे स्वतःसाठीचे नाव. गळ्यात साखळदंड असलेल्या ॲबोरिजिनल कैद्यांची रांग हे त्यातले सर्वांत बोचरे दृश्य आहे. एव्हन्स ॲबोरिजिनल नाहीत आणि ओनस होते, म्हणजे कामाची रचनाच दोन बाजूंच्या हातांनी झालेली होती. हे चित्र आता थॉर्नबरी येथे ॲबोरिजिन्स ॲडव्हान्समेंट लीग या संस्थेच्या जागेत आहे.

लिन ओनस यांच्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण मिश्र ओळख या विषयावर त्यांच्याइतके नेमके चित्र फार थोड्यांनी काढले असेल. वडील बिल ओनस योर्ता योर्ता समाजाचे कार्यकर्ते, आई स्कॉटिश. जन्म १९४८ चा, वाढ मेलबर्नमधली. शाळा लवकर सुटली, गाड्यांच्या दुरुस्तीचे आणि पत्रेकामाचे काम केले, आणि चित्रकला स्वतःच स्वतःला शिकवली. सुरुवातीला ते पाश्चात्त्य धाटणीची निसर्गचित्रे काढत. १९८६ मध्ये ते उत्तरेला आर्नेम लँडमधील मनिंग्रिडा येथे गेले, आणि तिथले ज्येष्ठ चित्रकार जॅक वुनुवुन यांनी त्यांना आपल्या कुटुंबात सामावून घेतले. राऱ्क नावाची, बारीक समांतर रेघांची एकमेकींना छेदणारी जाळी ही त्या प्रदेशाची खूण आहे, आणि तिचे नमुने ठरावीक कुळांच्या मालकीचे असतात. त्यांतले काही नमुने वापरण्याची परवानगी ओनस यांना मिळाली. आपण ॲबोरिजिनल आहोत, एवढ्या भांडवलावर त्यांनी ती जाळी उचलली नाही. देशभरात एकच ‘ॲबोरिजिनल शैली’ आहे आणि त्या रक्ताच्या कोणालाही ती वापरता येते, असा समज बाहेरच्यांमध्ये सर्रास असतो. व्यवहारात मेलबर्नमध्ये वाढलेला योर्ता योर्ता माणूस मनिंग्रिडाच्या नमुन्यांच्या बाबतीत पाहुणाच असतो.

परवानगी मिळाल्यावर त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या त्यांच्या एका कामात घराच्या मागच्या अंगणात कपडे वाळवण्यासाठी उभ्या केलेल्या, गोल फिरणाऱ्या दांडीला तारांवरच्या कपड्यांऐवजी फायबरग्लासची वटवाघळे उलटी लटकलेली आहेत, आणि प्रत्येकाच्या अंगावर राऱ्कची जाळी रंगवलेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या उपनगरी संसाराचे याहून घरगुती चिन्ह सापडणे कठीण. १९९२ च्या चित्रात एक डिंगो कुत्रा पाकट माशाच्या पाठीवर उभा राहून होकुसाईच्या प्रसिद्ध जपानी लाटेवर स्वार झालेला आहे. डिंगो म्हणजे स्वतः ओनस, पाकट म्हणजे त्यांचा गोरा मित्र, आणि चित्राचे शीर्षक असे, की आम्ही दोघे जरा पबमध्ये जाऊन येतो. योर्ता योर्ता माणूस, आर्नेम लँडची जाळी, जपानी लाट आणि मेलबर्नच्या गुत्त्याचा विनोद हे सारे तिथे एकत्र आहे, आणि तरीही प्रत्येक गोष्ट पूर्णच्या पूर्ण ओळखू येते. लाट जपानीच राहते, जाळी आर्नेम लँडचीच राहते. अधिकाऱ्यांना अभिप्रेत असलेले ‘विरघळणे’ तिथे कुठेही झालेले नाही. १९९६ मध्ये, पन्नाशीही न गाठता, ओनस गेले.

पुढच्या पिढीत रेको रेनी यांचे नाव घ्यावे लागते. १९७४ चा जन्म, मेलबर्नच्या फुट्सक्रे या कामगार उपनगरात पोरवयात रात्री ग्राफिटी करत वाढलेले, पुढे ‘द एज’ दैनिकात पत्रकारिता केलेले आणि मग पूर्णवेळ चित्रकार झालेले रेनी कामिलरोई समाजाचे आहेत. त्यांच्या आजीला लहानपणी कुटुंबापासून तोडून नेण्यात आले होते. कामिलरोई लोक झाडांच्या खोडांवर आणि ढालींवर एकात एक बसवलेल्या चौकटींची नक्षी कोरत असत, आणि रेनींच्या कामात पुन्हा पुन्हा दिसणारा समभुज चौकट-आकार तिथून येतो. त्याच्या जोडीला ग्राफिटीच्या जगातला मुकुट असतो आणि १९७१ मध्ये लुरिट्जा चित्रकार हॅरॉल्ड थॉमस यांनी घडवलेला काळा-लाल-पिवळा ध्वज असतो. मुकुट न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून आला, म्हणून तो उसना, असे म्हणणाऱ्यांना रेनींच्या कामात उत्तर आहे: या जमिनीवरचे राज्य आमचे होते, तेव्हा मुकुटावरचा हक्कही आमचाच.

२०१२ मध्ये सिडनीच्या टेलर स्क्वेअरमधील एका जुन्या वारसा-इमारतीचा दर्शनी भाग त्यांनी गुलाबी, निळ्या आणि काळ्या पट्ट्यांच्या कामिलरोई चौकटींनी वरपासून खालपर्यंत झाकला आणि त्यावर निऑनच्या अक्षरांत ‘ही जमीन सदैव आमची होती, सदैव आमचीच राहील’ या आशयाची घोषणा लावली. भूमिहक्कांच्या लढ्यात १९८० च्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागातून पुढे आलेली ही घोषणा. रात्री ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या गर्दीला ती टाळता येत नसे. नक्षी इतकी उग्र होती, की इमारतीच्या खिडक्या, कमानी, व्हिक्टोरियन कोरीवकाम हे सारे तिच्याखाली सपाट होऊन जात असे. ते काम तात्पुरते म्हणून मंजूर झाले होते, काही वर्षे टिकले आणि आता तिथे नाही. नक्षी कामिलरोई आणि जमीन सिडनीच्या या भागाचे मूळ रहिवासी असलेल्या गॅडिगल लोकांची, हा पेच मात्र मला त्या कामात जाणवतो. रेडफर्नमध्ये २०१३ मध्ये रेनींनी वस्तीतल्या तरुण ॲबोरिजिनल मुलांना घेऊन कॅरोलाइन स्ट्रीटवरचे एक घर ध्वजाच्या रंगांत रंगवले, त्यात हा पेच आपोआप सुटला होता, कारण त्या घरावर वस्तीतल्यांचे हातही चालले होते.

२०१७ च्या त्यांच्या चित्रफितीत लष्करी गणवेशाच्या ठिगळांसारख्या, पण भडक रंगांत रंगवलेली १९७३ ची रोल्स-रॉइस गाडी कामिलरोई प्रदेशात, आजीच्या मुलखात जाते आणि लाल मातीत गरगर फिरून चाकांची वर्तुळे उमटवते. उपनगरातल्या पोरांची रात्रीची मस्ती, राजघराण्याची गाडी आणि जमिनीवर आखण्याच्या जुन्या आकृत्या यांना एका खेळात आणणारा माणूस स्वतःच्या मिश्रपणाबद्दल खंत करत बसलेला नाही, एवढे नक्की.

आपल्या उपखंडातील वाचकांना रॉबर्ट फील्डिंग यांच्या कामाविषयी विशेष कुतूहल वाटेल. ते दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या अगदी वायव्येकडील एपीवाय या ॲबोरिजिनल मालकीच्या भूप्रदेशात मिमिली येथे राहतात, आणि पश्चिम अरेर्न्टे, यांकुनित्जात्जारा, अफगाण आणि पाकिस्तानी असा आपला वंश सांगतात. १८६० च्या दशकापासून १९२० च्या दशकापर्यंत ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात उंटांचे तांडे चालवण्यासाठी अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथून माणसे आणली गेली. त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई, आणि डार्विन-ॲडलेड मार्गावरच्या ‘द घान’ या गाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या धोरणामुळे घरची माणसे आणणे जवळपास अशक्य होते, आणि त्यांतल्या काहींनी ॲबोरिजिनल स्त्रियांशी संसार मांडले. फील्डिंग यांचे वडील चोरलेल्या पिढ्यांपैकी होते, म्हणजे त्या घराण्यावर सरकारने दोन्ही बाजूंनी मेहेरबानी केली होती.

मिमिलीत रंगवायला शहरासारख्या उंच भिंती नाहीत. तिथे रस्त्याच्या कडेला, माळावर बंद पडून गंजत गेलेल्या मोटारगाड्यांचे सांगाडे आहेत. फील्डिंग यांनी ते सांगाडे जागच्या जागी ठिपक्यांच्या नक्षीने रंगवले, रात्री आतून उजेड सोडला आणि त्यांची छायाचित्रे घेतली. जवळून पाहिले तर ठिपका गंजलेल्या पत्र्याच्या पापुद्र्यावर बसतो, त्यामुळे काही ठिकाणी त्याची कड तुटलेली असते आणि मधून तांबूस गंज डोकावतो. त्या पत्र्याचे वय लपवण्याचा खटाटोप केलेला नाही. याला रस्त्यावरची कला म्हणायचे का, अशी शंका एखाद्या काटेकोर वाचकाला येईल. रस्ता आहे, उघडे आकाश आहे, टाकून दिलेला पृष्ठभाग आहे आणि तिकीट नाही, तेव्हा माझ्या लेखी ती शंका मिटते.

एका प्रकारच्या भित्तिचित्रांविषयी मात्र माझे मन पुरते राजी नाही, आणि ती आहेत भव्य व्यक्तिचित्रे. मेलबर्नचा ॲडनेट हा चित्रकार या प्रकारात निर्विवाद कसबी आहे. शीप हिल्सच्या धान्याच्या कोठारांवर २०१६ मध्ये त्याने दोन ज्येष्ठ आणि दोन मुले अशी चार स्थानिक ॲबोरिजिनल माणसे ताऱ्यांनी भरलेल्या आकाशासमोर रंगवली. शेपर्टनमध्ये विल्यम कूपर आणि सर डग्लस निकोल्स या योर्ता योर्ता नेत्यांची चित्रेही त्याचीच. ॲडनेट स्वतः ॲबोरिजिनल नाही. ज्यांचे चित्र काढायचे, त्यांच्या समाजाची संमती घेऊन तो काम करतो, म्हणून माझा आक्षेप त्याच्यावर नाही. अडचण वाटते ती अशी चित्रे मागवणाऱ्या गावांची. नजर दूरवर लावलेला, सुरकुत्यांचा, धीरगंभीर चेहरा भिंतीवर आला, की कोणालाच काही विचारावे लागत नाही. विल्यम कूपर यांची आई योर्ता योर्ता आणि वडील गोरे मजूर होते. या माणसाने राजाकडे पाठवण्यासाठी सह्यांचा अर्ज तयार केला, आणि डिसेंबर १९३८ मध्ये, ज्यूंवरील अत्याचारांचा निषेध नोंदवण्यासाठी मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर ॲबोरिजिनल लोकांचे शिष्टमंडळ नेले. स्वतःला नागरिकत्वाचे पूर्ण हक्क नसताना परक्यांसाठी उभ्या राहिलेल्या माणसाची ही करारी बाजू नुसत्या चेहऱ्यात उतरत नाही. तरीही शेपर्टनच्या शाळकरी मुलांना ते नाव त्या भिंतीमुळे रोज दिसते, हे मी नाकारणार नाही.

शेवटी भिंत कोणाच्या मालकीची, यावर बरेच अवलंबून असते. रेडफर्नमधील ‘द ब्लॉक’ या वस्तीत १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीने घरे मिळवली होती, आणि टोनी मंडाइन व्यायामशाळेच्या भिंतीवरचा भलामोठा ध्वज आगगाडीतूनही दिसत असे. ती वस्ती रिकामी करून नवे बांधकाम झाले. तिथे आता ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी परवडणारी ६२ घरे आहेत, आणि त्यांचा खर्च भागावा म्हणून शेजारी विद्यार्थ्यांच्या निवासाचा २४ मजली मनोराही आहे. हा सौदा योग्य होता की नाही, यावर रेडफर्नमधल्या ॲबोरिजिनल माणसांतच टोकाचे मतभेद आहेत, आणि त्यात बाहेरून आलेल्या माझ्यासारखीने निवाडा देणे उचित नाही. स्थानकासमोरचे चाळीस हजार वर्षांचे चित्र मात्र २०१८ मध्ये नव्याने दुरुस्त करण्यात आले. आता सकाळच्या गाडीतून उतरलेले विद्यापीठाचे विद्यार्थी, त्यांत भारतीय मुलेही भरपूर असतात, त्या रग्बी संघाच्या समोरून घाईघाईने जातात. एखादा थांबून खेळाडूंचे चेहरे न्याहाळू लागला तर त्याला सावळे, गव्हाळ, उजळ असे सगळे वर्ण एकाच संघात दिसतात, आणि कोणाच्याही नावापुढे अपूर्णांक लिहिलेला आढळत नाही.